पोटरीला अरबीत काय म्हणतात

अजमानच्या औद्योगिक वसाहतीत, टायरवाल्याला लागून,
आमचं टायपिंग सेंटर.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेलं पाकीट, घटस्फोट,
सगळ्याचे नमुने तयार. मी फक्त नावं बदलते.
कुत्र्याचा नमुना नव्हता.

बशीर उंड्रे, गाव म्हसळा, सध्या पाण्याच्या गाडीवर.
खुर्चीत बसला नाही. उभ्यानंच विजारीचा पाय
वर दुमडला, खाचरात उतरताना दुमडतात तसा.
सात टाके.

"लिवा बाय. सकाळचे साडेसात. चवदा नंबरचा बंगला.
खांद्यावर एकोणीस लिटरची बाटली.
फाटक उघडाच होता, तरी मी बेल मारली.
बेल मारली, ता लिवा."
लिहिलं.
दोनदा मारली, तेही लिहिलं.

बंगलेवाल्यानं पाचशे दिरहम खिशात कोंबले होते
आणि पाठोपाठ एक कागद पुढे केला : तनाझुल.
म्हणजे माझी तक्रार नाही, पुढेही नसेल.
बशीरनं पैसे परत केले नाहीत, सहीही केली नाही.
"सही येते मला," म्हणाला,
"पण इंजेक्शनानं हात दुखत होता."

कुत्र्याचे कागद पक्के.
लसीची वही, मानेत चिप, पालिकेचा बिल्ला.
बशीरची रंगीत झेरॉक्स,
मूळ प्रत कंपनीच्या कपाटात.

मग रकाना आला : इजा कुठे?
मला अरबीत रक्त येतं, जामीन येतो, थकबाकी येते.
पोटरी येत नव्हती.
मागच्या टेबलावरच्या सुदानी उस्मानला विचारलं,
त्यानं स्वतःचा पाय स्टुलावर ठेवून बोट लावलं : साक.
म्हटलं, साक म्हणजे अख्खी तंगडी.
मला मागचा भाग हवाय, ओझं घेऊन जिना चढताना
दगडासारखा होतो तो.
आमच्याकडे जोंधळाही पोटरीत येतो,
कणीस बाहेर पडायच्या आधी,
पण हे उस्मानला कुठून सांगू,
आणि हे तर नाहीच, की आमच्या त्या शब्दात
पोट आधी येतं.

पुढचा रकाना : नुकसानीची रक्कम.
बशीर बोटांवर मोजू लागला.
विजार पस्तीस. फुटलेली बाटली, पगारातून कापलेली.
चार दिवसांचा खाडा. इंजेक्शनाच्या पाच खेपा, टॅक्सीनं,
कारण बसला उभं राहवत नाही.
झालं म्हणाला.
आणि पाय?
"पाय हाय की अजून."

मी सांगितलं, जनावर ज्याच्या ताब्यात, भरपाई त्याच्या माथी.
खाड्याचे पैसे वेगळे, जखमेचे वेगळे.
जखमेच्या मोलाला इथे अर्श म्हणतात.
"अर्श?" त्यानं वर पाहिलं, पंख्याच्याही वर.
"अर्श तर खुदाचा."
इचलकरंजीत माझे वडील अर्शावर
ताकातून चूर्ण द्यायचे, मूळव्याधीचं.
ते मी बोलले नाही, पण हसू आलं,
आणि मला हसताना बघून तोही हसला,
सात टाक्यांसकट.

रकाना रिकामा सोडला तर स्क्रीन लाल होते.
"शून्य टाका," म्हणाला.
शून्य नाही टाकलं. लिहिलं,
न्यायालय ठरवील ती रक्कम,
आणि इजेच्या जागी : साक, मागची बाजू.

साठ दिरहम घेतले. वर कॅमेरा आहे.
पावती घडी घालता घालता त्यानं विचारलं,
"कुत्र्याला मारतील काय?
तसा काय लिवू नको. दिवसभर उन्हात बांधलेला असतो तो."
मग पायऱ्या आडव्या उतरला, चांगला पाय आधी.

तारखेचा मेसेज माझ्या फोनवर येणार आहे.
त्याचा फोन सुपरवायझर बघतो, म्हणून माझा नंबर दिला.
परवा वाजला. आंघोळ सोडून धावले.
बँकेचं कर्ज हवंय का, विचारत होते.